"अंगात रक्त कमी आहे": काय सांगितलं तर माणूस उठून तपासणीला जाईल?

सांजवात
येत्या २६ नोव्हेंबरला लोहाच्या कमतरतेबद्दलचा जागृती दिवस आहे. त्या निमित्ताने आमच्या कामाच्या ठिकाणी दहा मिनिटं बोलायचं आणि एक पानी पत्रक वाटायचं, हे काम मी मागून घेतलंय. पत्रक लिहायला बसले आणि अडले. मिळाली तेवढी जुनी पत्रकं चाळली. सगळीकडे तेच: थकवा येतो, चक्कर येते, पालेभाज्या खा. हे सगळ्यांना पाठ आहे, आणि ते वाचून कुणी तपासणीला गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

काम मागून का घेतलं ते सांगते. माझी ताई वर्षभर बर्फ खात होती. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून ट्रे पिळल्याचा कडकड आवाज यायचा आणि मागोमाग दाताखाली खडा फुटल्याचा. उन्हाळा सरला, थंडी पडली, तरी अंगावर शाल आणि हातात बर्फाची वाटी. दात जातील म्हणून आम्ही सगळे तिच्यावर ओरडायचो. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबून मोबाइल बघायची. नंतर कळलं की ती मोबाइल बघत नव्हती, धाप लपवत होती. एका लग्नात चक्कर येऊन पडली तेव्हा तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ७.१, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ४. उपचार सुरू झाल्यावर आठवडा-दहा दिवसांत बर्फ आपोआप सुटला. तोवर हिमोग्लोबिन फारसं वाढलंही नव्हतं.

बर्फ, माती, खडू असलं काहीतरी खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असतं, हे घरात एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि ते मला अजून डाचतं.

तर प्रश्न असा: तुम्हाला किंवा घरात कुणाला हा त्रास झाला असेल, तर नेमकं काय झालं म्हणून तुम्ही तपासणीला गेलात? आणि काय आधी कळलं असतं तर लवकर गेला असता?

कोरा_कागद
मला केसांनी नेलं. विंचरताना गुंतवळ एवढं निघायला लागलं की मोरीच्या जाळीत पाणी तुंबायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी तेल-शाम्पू काही न देता फेरिटिन करायला सांगितलं. ९ आलं. हिमोग्लोबिन मात्र १२.४, म्हणजे कागदावर "नॉर्मल". दोन वर्षं सगळ्यांनी तोच आकडा बघून मला घरी पाठवलं होतं.

धुकं
ताईंचं वाचून उठून फ्रीज बघून आले. आमच्याकडे ट्रे रोज रिकामा असतो आणि मुलगी सोळा वर्षांची आहे. उद्याच नेते.

दुसरी_घंटा
माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली जरा काही झालं की तपासणी आणि गोळ्या. आधी ताटात काय आहे ते बघावं. पालेभाज्या, डाळी, फळं नीट खाल्ली तर शरीर आपलं आपण भरून काढतं. आमच्या आजीच्या पिढीने कुठे फेरिटिन केलं होतं? पत्रकात आहारावरच भर असावा असं मला मनापासून वाटतं.

अबोली
दुसरी_घंटा, आजीच्या पिढीतल्या किती बायका बाळंतपणात गेल्या तेही आठवा. त्यांना रक्त कमी नव्हतं असं नाही, मोजलं नव्हतं.

प्रयोगशाळेतली
रोज हेच नमुने लावते, म्हणून कोरा_कागद यांच्या प्रतिसादाला जोडून लिहिते.

घरात पाण्याचं पिंप असतं आणि पिंपातून भरून घेतलेला तांब्या असतो. पाणी म्हणजे लोह, हिमोग्लोबिन म्हणजे तांब्या. फेरिटिन सांगतं पिंपात किती उरलंय. पिंप आटत जातं तेव्हा तांब्या बराच काळ भरलेलाच दिसतो, कारण शरीर तळातलं पाणी काढून तो भरत राहतं. पिंप कोरडं पडलं की मगच तांब्या रिकामा व्हायला लागतो. म्हणजे हिमोग्लोबिन खाली येतं ते सगळ्यात शेवटी. थकवा, केस गळणं, रात्री अंथरुणात पाय सतत हलवावेसे वाटणं, हे त्याच्या आधीही सुरू झालेलं असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली, गरोदरपणाच्या सुरुवातीला ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचाराचा विचार सुरू करतात. एक मेख आहे. अंगात ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. त्यामुळे नुसता आकडा बघून घरी निष्कर्ष काढू नका.

रानवाट
धागा उघडावा की नाही असा विचार करत होतो, कारण वरवर हा बायकांचा विषय वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तेच मला महागात पडलं.

वय ५६. टेकडी चढताना दम लागायला लागला. वय झालं म्हटलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. ओळखीच्या एकांनी टॉनिक सुचवलं, मी आणलं. तीन महिन्यांत ११.५ झालं. मी खूश. टॉनिक बंद केलं, परत ९. पुन्हा सुरू, पुन्हा ११. असं दीड वर्ष चाललं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि एवढंच विचारलं, "काका, तुमचं रक्त जातंय कुठे?"

मी म्हटलं, कुठेच जात नाही, मला तर काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, दिसत नाही म्हणूनच शोधायचं. दुर्बिणीतून मोठं आतडं तपासलं. उजव्या बाजूला गाठ होती, कर्करोगाची. ऑपरेशन झालं, त्याला आता चार वर्षं झाली, बरा आहे. पण ती दीड वर्षं मी टॉनिक पिऊन आकडा रंगवत होतो.

सांजवात, पत्रकात बाकी काही नसलं तरी चालेल, पण हे घाला: पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, लोह कमी निघालं तर ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय थांबायचं नाही.

अबोली
रानवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून माझ्या सासऱ्यांचा जुना रिपोर्ट काढायला सांगितला आहे.

"रक्त जातंय कुठे" हा प्रश्न पाळी येणाऱ्या बाईलाही कुणी विचारत नाही. गृहीतच धरतात. मला दर तासाला पॅड बदलावं लागायचं, रात्री दोनदा उठावं लागायचं, मोठ्या गाठी पडायच्या आणि आठ दिवस चालायचं. मी आईला विचारलं, ती म्हणाली माझंही असंच होतं. मावशीला विचारलं, तिचंही तसंच. झालं, घरातल्या तिघींचं सारखं म्हणजे ते नॉर्मल. तिघींनाही गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या गाठी, होते हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

पांढरा_कोट
मी डॉक्टर आहे. रानवाट यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलेला प्रश्न हाच या आजाराचा गाभा आहे. ॲनिमिया हे निदान नव्हे. ते तापासारखं आहे. ताप कशामुळे आला हे न बघता महिनाभर तापाची गोळी कोणी खात नाही, पण रक्त कमी असलं की टॉनिकवर मात्र वर्षं काढतात.

अबोली यांच्या मुद्द्याला हिशेब जोडतो. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ८० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम. आणि अन्नातून दिवसाला शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत खर्च होतं. जमेची बाजू एवढीशी असताना खर्च वाढला की तूट पडणारच. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, यातलं काहीही असेल तर ते सोसत बसण्यासारखं नाही.

दुसरी_घंटा
पाळीचं आणि रानवाटांचं वाचलं. तिथे आहार पुरणार नाही हे मान्य. पण ज्याला असं काही कारण नाही, त्याला पालक खाऊन का भागू नये? पालकात लोह भरपूर असतं हे तर शाळेपासून शिकतोय.

टिपकागद
पालकाच्या कीर्तीबद्दल एक गोष्ट सांगतात. म्हणे जुन्या काळी कुणा शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं आणि पालकात दहापट लोह आहे असं छापलं गेलं. गंमत म्हणजे दशांश चुकल्याची ही गोष्टच बिनपुराव्याची आहे. शोधायला गेलेल्यांना ते चुकलेलं दशांश चिन्ह सापडलेलं नाही. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, ते काही वाईट नाही. अडचण पुढची आहे. वनस्पतीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं, आणि पालकातलेच घटक ते अडवून धरतात.

धुकं
आणि बीट? लाल म्हणून रक्त वाढतं असं मी मुलीला तीन वर्षं सांगतेय.

पांढरा_कोट
बिटाचा लाल रंग लोहाचा नाही, धुकं. खाऊ द्या, भाजी म्हणून चांगलंच आहे, पण रक्तासाठी त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी_घंटा, आहाराचं तुमचं म्हणणं कमतरता होऊ नये म्हणून अगदी खरं आहे. मांस, मासे, काळीज यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. डाळी आणि पालेभाज्यांतलं कमी शोषलं जातं, पण सोबत लिंबू, संत्रं, टोमॅटो असं क जीवनसत्त्व असलं की वाढतं. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की घटतं, म्हणून चहा जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवावा. हे पत्रकात जरूर असावं.

पण एकदा साठा संपला की गणित बदलतं. हिमोग्लोबिन ८ असलेल्या साठ किलोच्या बाईला रक्त आणि साठा दोन्ही भरून काढायला हजार मिलिग्रॅमहून जास्त लोह लागतं. दिवसाला १-२ मिलिग्रॅमच्या वेगाने, तेही रोजची झीज वजा जाऊन, ते कधी भरणार? तिथे गोळी लागते. गोळी सोसत नसेल, शोषली जात नसेल किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देतात.

दुसरी_घंटा
हिशेब पटला. माझं एवढंच म्हणणं आहे की गोळी संपली की लोक परत जुन्याच ताटाकडे जातात. तेही लिहा.

साधा_माणूस
मी वर्षातून तीन-चारदा रक्तदान करतो. आमच्यासारख्यांनी काय बघावं?

प्रयोगशाळेतली
एका रक्तदानात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. दान करण्याआधी बोटातून थेंब घेऊन बघतात ते फक्त हिमोग्लोबिन, म्हणजे तांब्या. नेमाने देणाऱ्यांनी वर्षातून एकदा फेरिटिन बघावं आणि साठा कमी असेल तर पुढच्या दानाला थोडा अवधी द्यावा. दान सोडायचं कारण नाही.

चांदणचुरा
सगळे "लोह घ्या" म्हणतायत म्हणून उलटी बाजू लिहिते. मला कॉलेजपासून बारा वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. हिमोग्लोबिन १०.५ च्या आसपास, ते काही हलेना. प्रत्येक नवीन डॉक्टर म्हणायचे, तुम्ही गोळ्या नीट घेत नाही. मी रडकुंडीला यायचे, कारण मी एकही चुकवत नव्हते. गरोदरपणात पहिल्यांदा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी झाली आणि कळलं की मला थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची मी वाहक आहे. तांबड्या पेशी जन्मापासूनच लहान, फेरिटिन उत्तम. लोहाची गरजच नव्हती. मग नवऱ्याची तपासणी केली, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. त्याचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले, त्या चार दिवसांत मी जेवले नाही. तो वाहक नव्हता.

म्हणून कृपा करून पत्रकात "रक्त कमी वाटलं तर लोहाच्या गोळ्या घ्या" असं लिहू नका. "तपासा" असं लिहा.

पांढरा_कोट
चांदणचुरांना शंभर टक्के अनुमोदन. पेशी लहान पण लोह व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनर आठवायलाच हवा. पेशी मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी आहेत का ते बघायचं. रक्त कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोहच असतं असं नाही.

सहावा_मजला
माझ्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पोटात ढवळतं, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठता होते. दोन आठवड्यांत सोडल्या. कोणी विचारलं की घेते म्हणून सांगते. इथे पहिल्यांदाच खरं लिहितेय.

पांढरा_कोट
लिहिलंत हे चांगलं केलंत. गोळ्या अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांना आधी कुणी काही सांगितलेलंच नसतं.

शौच काळं होणं हा गोळीचाच परिणाम, त्याला घाबरू नका. (गोळ्या घेत नसताना डांबरासारखं काळं होत असेल तर मात्र ताबडतोब दाखवा.) त्रास होत असेल तर डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. एक दिवसाआड घेतलं तर प्रत्येक डोसमधला मोठा हिस्सा शोषला जातो आणि पोटालाही सोपं जातं, असं अभ्यासांत दिसलंय. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या, पण दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको.

हिमोग्लोबिन साधारण महिनाभरात वाढलेलं दिसायला हवं. ते नॉर्मल झालं की लोक थांबतात. तिथे थांबायचं नसतं. पिंप भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड आवरणाच्या, रंगीत असतात, मुलं गोळ्या-चॉकलेट समजून खातात. त्यांच्यासाठी ते जिवावरचं विष आहे.

सहावा_मजला
एक दिवसाआडचं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या फोन करते. ड्रॉवर खालचा आहे आणि भाची दोन वर्षांची आहे, तो आत्ताच रिकामा केला.

टिपकागद
लोहाची गोळी किती जुनी आहे बघा. पिएर ब्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८३२ साली फिकट पडलेल्या तरुण मुलींना लोहाच्या गोळ्या देऊन बरं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी, १५५४ मध्ये, योहानेस लांगे यांनी याच फिकटपणाचं वर्णन "कुमारिकांचा आजार" म्हणून केलं आणि लग्न हा उपाय सांगितला. जवळजवळ दोनशे वर्षं उपाय हातात आहे. तरी २०१९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयातल्या जगभरच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ॲनिमिया होता, आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना. सगळा लोहामुळेच असं नाही, पण लोह हे मोठं कारण. हे प्रमाण बायकांत २०२५ पर्यंत निम्मं करायचं ठरलं होतं. ते जमलं नाही आणि मुदत २०३० पर्यंत ढकलली. पत्रकात हे आकडे घालावेत असं मला वाटतं.

अबोली
टिपकागद, आकडे महत्त्वाचे आहेत, पण ३० टक्के वाचून कुणी म्हणत नाही की त्यातली एक मी. उलट वाटतं, सगळ्यांनाच असतं. आमच्या तिघींचं नेमकं तेच झालं होतं.

कोरा_कागद
अबोलीला +१. "थकवा" हा शब्दही काढून टाका. थकलेलं सगळ्यांनाच वाटतं. मला कुणी विचारलं असतं, "थकली आहेस का?" तर मी नाही म्हटलं असतं. "मागच्या वर्षी एका दमात चढायचीस तो जिना आता चढतेस का?" असं विचारलं असतं तर गप्प बसले असते.

सांजवात
कोरा_कागद, या एका वाक्यावर पत्रक उभं राहील असं वाटतंय. आत्ताच लिहिलेला मसुदा टाकते, चुका सांगा.

"मागच्या वर्षी एका दमात चढायचात तो जिना आता मध्ये थांबून चढता का? बर्फ, माती, खडू खावासा वाटतो का? रात्री पाय स्थिर राहत नाहीत का? दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? नेमाने रक्तदान करता का? रोज वेदनाशामक गोळ्या घेता का? यातल्या एकालाही हो असेल तर डॉक्टरांना भेटा आणि सीबीसीबरोबर (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी) फेरिटिनबद्दलही विचारा. कमी निघालं तर दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका: माझं लोह जातंय कुठे? आणि गोळ्या किती महिने घ्यायच्या? तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका."

मागच्या बाजूला आहाराचा भाग, दुसरी_घंटा सांगतात तसा.

प्रयोगशाळेतली
छान उतरलंय. एकच भर घाला: "मागचे रिपोर्ट सोबत न्या." रानवाटांचं निदान दोन कागद शेजारी ठेवल्यावर झालं.

दुसरी_घंटा
आहाराचा भाग मी लिहून देऊ का? आज रात्री पाठवते.

धुकं
मुलीचं फेरिटिन ६ आलं. डॉक्टरांनी तिला बर्फाबद्दल विचारल्यावर ती माझ्याकडे बघून रडायला लागली. वर्षभर लपवत होती, मी ओरडेन म्हणून. गोळ्या सुरू केल्या आहेत आणि पाळीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. सांजवात, तुझ्या ताईंना माझ्याकडून सांग.

सांजवात
सांगितलं. ताईने धाग्याची ही जागा तीनदा वाचली.

कालच कार्यक्रम झाला. साठ पत्रकं नेली होती, अठरा उरली. बोलून झाल्यावर टाळ्या झाल्या, प्रश्न कुणीच विचारला नाही, म्हणून जरा खट्टू झाले. संध्याकाळी निघताना गोदामात काम करणारे एक दादा गेटपाशी थांबले होते. पत्रकाची चार घड्या घातलेली, वेदनाशामक गोळ्यांच्या ओळीवर अंगठा ठेवलेला. म्हणाले, आई ६८ वर्षांची आहे, गुडघ्यांसाठी रोज दोन गोळ्या घेते, हल्ली खाटेवरून उठली की धापते, आम्ही वय समजत होतो. तिलाही हे लागू आहे का?

मी हो म्हटलं आणि लगेच दाखवा म्हणून सांगितलं. आणखी काय सांगायला हवं होतं?

पांढरा_कोट
बरोबर सांगितलंत. त्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन नकळत रक्त झिरपू शकतं. शौच काळं होतं का हे त्यांनी आईला आजच विचारावं. होत असेल तर थांबू नये, लगेच रुग्णालयात न्यावं.

रानवाट
आणि जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या म्हणावं, सगळी. म्हातारी माणसं नाव विसरतात, आणि कधीकधी दोन सांगून चार घेतात.

सांजवात
आत्ता फोन केला. शौच काळं होतं, पंधरा दिवसांपासून. उद्या सकाळची वाट न बघता ते आईला घेऊन निघालेत, पाकिटं बरोबर आहेत.